आरओचं पाणी बारीक झालंय? मेम्ब्रेनला हात शेवटी लावा

मार्च लागला की माझ्या फोनवर एकच वाक्य फिरून फिरून येतं: "भाऊ, मशीन चालू लालीय, आवाज बी येऊ लालाय, पण पाणीच पडंना." लातूर शहर आणि औसा, रेणापूर, चाकूर या पट्ट्यात मी चौदा वर्षं घरगुती आरओ दुरुस्त करतोय. पाणी बारीक होण्याची तक्रार किती वेळा निस्तरली, त्याची मोजदाद नाही. गिऱ्हाईक बहुतेक वेळा निदानही सोबतच सांगतं: "मेम्ब्रेन गेला असंल." माझ्या आधी कुणीतरी येऊन तसं सांगून गेलेलं असतं. मेम्ब्रेन म्हणजे पाण्यातले क्षार अडवणारी गाळणी. महाग, आत दडलेला, कुणी उघडून बघत नाही. त्याच्यावर खापर फोडणं सोपं असतं.

मेम्ब्रेन जातो, नाही असं नाही. पण बहुतेक घरांत दोष त्याच्या अलीकडे तरी असतो किंवा पलीकडच्या वेस्टेजच्या, म्हणजे मशीन बाहेर टाकते त्या पाण्याच्या नळीत तरी. तो न शोधता नवा मेम्ब्रेन टाकला तर सहा महिन्यांत तोही जातो, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचा मालच डुप्लिकेट."

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय दिसतंय ते आधी ओळखा. सगळी "पाणी कमी येतं" अशीच वाटतात, पण कारणं वेगळी.

– पंप चालू आहे, पण टाकी भरायला पूर्वीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो.
– पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद, चालू-बंद होतो.
– पंप अजिबात सुरू होत नाही आणि टाकी रिकामी आहे.
– वेस्टेजच्या नळीतून धो धो पाणी जातंय किंवा एक थेंबही येत नाही.
– मशीन बंद केली तरी वेस्टेजची नळी वाहतेच.
– पाणी भरपूर येतंय पण मचूळ लागतंय. हे दुखणं उलटं आहे, त्याचं शेवटी बघू.

आधी मोजा

"कमी" म्हणजे किती? यासाठी कुठलंही हत्यार लागत नाही. मशीनची टाकी पूर्ण रिकामी करा, वेस्टेजची नळी बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. तासाभराने शुद्ध पाणी लिटरच्या बाटलीने मोजा, बादलीतलंही मोजा.

घरगुती मशीनमध्ये साधारण 75 किंवा 80 गॅलनचा मेम्ब्रेन असतो. 75 गॅलन म्हणजे दिवसाला 284 लिटर, तासाला जवळपास 12. पण हा आकडा कंपनीच्या चाचणीतला, 25 अंश तापमानाच्या आणि कमी क्षारांच्या पाण्याचा. आपल्या बोअरच्या पाण्यावर तासाला सात-आठ लिटर पडत असतील तर मशीनला नावं ठेवू नका. पाचाच्या खाली आलं की शोध घ्यायचा.

आता हेही लक्षात घ्या, की काही वेळा मशीनमध्ये दोष काहीच नसतो. मेम्ब्रेनमधून पाणी ढकलायला दाब लागतो आणि पाण्यातले क्षार तो दाब खातात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा. दर 1000 टीडीएसमागे ढोबळमानाने 10 पीएसआय दाब नुसता क्षारांशी झगडण्यात जातो. पावसाळ्यानंतर 900 टीडीएस दाखवणारा बोअर मे महिन्यात पाणी खोल गेल्यावर 1600 दाखवतो. मशीन तीच, पंप तोच, पाणी मात्र कमी. थंडीतही तसंच. पाणी एक अंशाने गार झालं की उत्पादन अडीच-तीन टक्क्यांनी घटतं. डिसेंबरात पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पंधरा-सोळा अंशांवर येतं, म्हणजे पाव भाग पाणी थंडीनेच गेलं. त्या महिन्यात मेम्ब्रेन बदलून घेणारी माणसं मी बघितली आहेत. संक्रांतीनंतर पाणी आपसूक वाढतं आणि मेकॅनिकचं नाव होतं.

फुकटातल्या तपासण्या

मशीनला येणारा कॉक पूर्ण उघडा आहे का? हसू नका. भांडी घासताना धक्का लागून अर्धा बंद झालेला कॉक उघडून मी शंभरएक रुपये व्हिजिट घेतलेली आहे, आणि घेताना लाज वाटलेली आहे.

मग मशीनकडे येणारी नळी सोडवून बघा. लिटरची बाटली मिनिटाच्या आत भरली पाहिजे. भरत नसेल तर दोष टाकीत किंवा पाइपात आहे, मशीनमध्ये नाही. टाकीची उंची बघा. दहा मीटर उंचीला एक किलो दाब मिळतो. वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर आणि टाकी त्याच स्लॅबवर विटांच्या दोन थरांवर ठेवलेली, म्हणजे दाब जवळजवळ शून्य. पंप पाणी ओढतो, नळीत हवा येते, दाबाचा स्विच पंप बंद करतो, दोन सेकंदांनी परत चालू. तो चालू-बंदचा खेळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. टाकी दोन-तीन फुटांनी उचलली तरी फरक पडतो.

फ्लोट बघा. मशीनच्या टाकीचं झाकण काढलं की आत एक छोटा तरंगता गोळा दिसतो. टाकी भरली की तो वर येतो आणि पंप बंद करतो. त्याच्या दांडीवर क्षार बसले की तो वरच अडकून राहतो. मशीनला वाटतं टाकी भरलेली आहे, आणि तुम्हाला वाटतं मशीन मेली. प्लग काढून, हात स्वच्छ धुऊन, बोटाने दोन-तीनदा खालीवर करा. प्लग परत लावल्यावर पंप सुरू झाला तर टाकी रिकामी करून पुसून घ्या. तशीही ती तीन महिन्यांनी पुसायलाच हवी. शुद्ध झालेलं पाणी घाण टाकीत साठवायचं, याला काही अर्थ नाही.

बाहेरची कँडल

मशीनच्या बाहेर भिंतीवर जो पारदर्शक बाऊल लावलेला असतो, त्यातली गाळ अडवणारी पांढरी कँडल शंभर-सव्वाशेला मिळते. ती वेळेवर बदलली तर आतला सगळा महागडा माल वाचतो.

कँडलकडे बघून पाणी कुठलं ते सांगता येतं. धरणाचं नवं पाणी आलं की ती चहासारखी तांबूस होते, हाताला बुळबुळीत लागते. बोअरच्या पाण्यात ती करडी, खरखरीत होते आणि खालच्या टोकाला बारीक वाळू जमते. टँकरच्या पाण्यात काय काय निघतं ते सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. किती महिन्यांनी बदलायची, असं लोक विचारतात. महिने मोजू नका, रंग बघा. कुणाकडे ती चार महिने टिकते, कुणाकडे टँकर लागला की तीन आठवड्यांत बंद.

धुऊन, घासून परत टाकू नका. वरचा गाळ निघतो, पण कँडल जाडीभर चोंदलेली असते. बाऊल उघडण्याआधी कॉक बंद करा, रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघा, तिला पाण्याचं बोट लावा आणि हातानेच आवळा. पाना लावून आवळलेले बाऊल रात्री तडकतात आणि सकाळी स्वयंपाकघरात तळं असतं. नवी कँडल टाकल्यावर तासाभराचं मोजमाप परत करा. बऱ्याच घरांत गोष्ट इथेच संपते.

वेस्टेजच्या नळीकडे नीट बघा

या भागावर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त मेम्ब्रेन इथेच मरतात.

एप्रिल 2016. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. शहरात लोक घागरी घेऊन रात्र रात्र जागत होते. त्या उन्हाळ्यात एका काकूंचा फोन आला, नवा मेम्ब्रेन टाकून तीन आठवडेही झाले नव्हते आणि पाणी पुन्हा थेंब थेंब. मी गेलो, कँडल बघितली, ठीक. पंप ठीक. मग सिंकखाली वाकलो तर वेस्टेजची नळी दुमडून तिला सुतळीने करकचून बांधलेलं. काकू म्हणाल्या, "इतकं पाणी गटारीत जातंय, जीव वर-खाली होतो रे लेकरा. निम्मं तरी वाचंल म्हणून बांधलं." काय बोलणार? मेम्ब्रेन काढला तर हाताला चांगला जड लागला. ब्लेडने कापून उलगडला तेव्हा आतल्या थरांवर रांगोळीसारखा चरचरीत पांढरा क्षार.

वेस्टेजचं पाणी फुकट जातं असं दिसतं, पण मेम्ब्रेनने अडवलेले क्षार तेच पाणी वाहून नेतं. वाट बंद केली की क्षार मेम्ब्रेनवरच बसतात. काहीजण नळीला छोटा कॉक लावतात, तोही तोच प्रकार. पाणी वाचवायचं तर बादली लावा. फरशी, संडास, भांड्यांचं पहिलं पाणी यांना ते चालतं. मूळ पाणी 1000 टीडीएसच्या वर असेल तर तुळशीला आणि कुंड्यांना रोज घालू नका, माती पांढरी पडते.

आता तुमच्या बादलीतलं मोजमाप बघा. साधारणपणे शुद्ध पाण्याच्या अडीच ते तीन पट वेस्टेज ठीक. वेस्टेज जवळजवळ शून्य असेल तर नळीत मुरड पडली आहे किंवा एफआर चोंदलाय. एफआर म्हणजे वेस्टेजच्या वाटेतला बोटाएवढा तुकडा, आत केसासारखं बारीक भोक असतं. त्याच्यामुळेच मेम्ब्रेनवर दाब तयार होतो. त्या भोकात क्षाराचा एक कण अडकला की पुरे. उलट वेस्टेज धो धो आणि शुद्ध पाणी थेंबभर असेल तर एफआर मोकळा झालाय, दाबच तयार होत नाही. दोन्हींत तो तुकडा बदलायचा, टाचणीने टोकरायचा नाही. भोक मोठं झालं की त्याचा उपयोग संपला. किंमत कँडलच्या आसपास. फक्त आधीचा जितक्या मिलिलिटरचा होता, तेवढ्याचाच घ्या. आकडा अंगावर छापलेला असतो.

मशीन बंद असतानाही वेस्टेज वाहत असेल तर मशीन बंद झाली की पाणी अडवणारा सोलेनॉइड वाल्व्ह उघडा अडकलाय. मशीनचा कॉक बंद करून ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा, नाहीतर रात्रभरात टाकी रिकामी होते.

आतले फिल्टर, आणि टीसीएल

सेडिमेंट (गाळ अडवणारा) आणि कार्बन हे दोन फिल्टर पंपाच्या अलीकडे असतात. हाताला थोडी सवय असेल तर घरी बदलता येतात, नळ्या दाबून काढायच्या आणि बाणाची दिशा बघून लावायच्या. दोन्ही एकदमच बदला. एकाचं पोट भरलं की दुसऱ्याचंही भरत आलेलं असतं.

कार्बनचं खरं काम लोकांना माहीत नसतं. तो चवीपेक्षा मेम्ब्रेनसाठी असतो. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. ती टाकायलाच हवी, गॅस्ट्रो परवडत नाही. पण क्लोरीन मेम्ब्रेनचा बारीक थर जाळतो. कार्बन जिवंत असेल तर क्लोरीन तिथेच मरतं. कार्बन संपलेला असेल तर दोन-चार महिन्यांत मेम्ब्रेनला चाळणी पडते, आणि मग पाणी कमी होत नाही, उलट वाढतं, पण मचूळ लागतं. पाण्याला ब्लीचिंगचा वास यायला लागला की कार्बन आधी बघा.

उन्हाळ्याचं एक इथेच सांगून टाकतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल असं तापतं. मेम्ब्रेनला 45 अंशांच्या वरचं पाणी सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते सहा मशीन बंद ठेवा, टाकीवर गोणपाट किंवा हिरवी जाळी टाका. सोलर हीटरच्या लाइनवर आरओ जोडलेलाही मी एकदा पाहिलाय. प्लंबर म्हणे, "पाणी आधीच उकळून येतंय की."

वीज आणि पंप

पंप सुरूच होत नसेल तर प्लगच्या जागी मोबाइलचा चार्जर लावून बोर्डात लाईट आहे ना ते बघा. आहे, आणि तरी मशीनचा एकही दिवा लागत नाही, तर एसएमपीएस गेलाय. तो घरच्या 230 व्होल्टचे 24 करतो. वळवाच्या पावसात, विजा कडाडताना लाईट येते-जाते तेव्हा हे हमखास उडतात. आभाळ भरून आलं की प्लग काढायची सवय लावा.

एसएमपीएस बदलणं सोपं वाटतं, तरी ते काम घरी करू नका. तिथे ओल आणि 230 व्होल्ट शेजारी शेजारी असतात. पंपाचा आवाज येतो पण दाब नाही, म्हणजे आतला रबरी पडदा थकलेला. तोही मेकॅनिककडेच.

आता मेम्ब्रेन

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच मेम्ब्रेनकडे बघायचं. त्यासाठी टीडीएस मीटर लागतो. दोन-तीनशे रुपयांना मिळतो, गल्लीत एकाने घेतला तरी सगळ्यांना पुरतो. मूळ पाणी आणि मशीनचं पाणी, दोन्ही मोजा. 1200 चं 60 ते 120 होत असेल तर मेम्ब्रेन शाबूत आहे. 1200 चं 300 होत असेल तर गेला. पण थांबा, आधी टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू बघा. चव यावी म्हणून तो मूळ पाणी थोडं मिसळतो, आणि कुणीतरी पूर्ण उघडून ठेवलेला असतो. बोअरच्या पाण्यावर तो बंदच असावा.

टीडीएस चांगला पण पाणी बारीक, आणि वरचं सगळं तपासलेलं, तर मेम्ब्रेन क्षाराने चोंदलाय. काही मेकॅनिक सायट्रिक ॲसिडने धुऊन देतात. मीही पूर्वी करायचो. महिना-दीड महिना पाणी वाढतं, मग पुन्हा तेच. बदललेलं बरं. नवा टाकल्यावर पहिल्या दोन टाक्या पिऊ नका, फरशीला वापरा. आणि काढलेला जुना मेम्ब्रेन घरीच ठेवून घ्या. "कंपनीला परत द्यावा लागतो" असं सांगून नेणारे असतात; तोच धुऊन उद्या कुणाच्या मशीनमध्ये जातो ते त्यांनाच ठाऊक.

मेम्ब्रेन वर्षाच्या आत दोनदा गेला तर मशीनला दोष देणं थांबवा, दोष पाण्यात आहे. तूरडाळ तीन शिट्ट्या झाल्या तरी टणक राहते, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाला पांढरी पापडी धरते, म्हणजे पाणी जड आहे. अशा घरी आरओच्या आधी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) किंवा निदान अँटिस्केलंट (क्षार बसू न देणारं औषध) हवं. आणखी एक साधा उपाय मी नेहमी सांगतो. मांजरा धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत सोडू नका. नळ चार-आठ दिवसांनी का येईना, पिण्यापुरती शंभर-दोनशे लिटरची वेगळी टाकी ठेवा आणि आरओ तिलाच जोडा. नळाच्या पाण्याचा टीडीएस 500 च्या आत असेल तर आरओची गरजही नाही, उजेडाने जंतू मारणारं यूव्हीचं मशीन भागवतं. हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतो, पण असो.

कुठे थांबायचं

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला, किंवा तारांवर पाणी गळताना दिसलं, तर मेन स्विच बंद करा, मगच प्लग काढा, आणि पुढे काहीच करू नका. यूव्हीची नळी चालू असताना उघडून बघू नका, त्या उजेडाने डोळे दुखावतात. नवा मेम्ब्रेन टाकूनही टीडीएस उतरत नसेल तर हाउसिंगमधली, म्हणजे मेम्ब्रेन बसतो त्या नळकांड्यातली रिंग फाटलेली असू शकते, ते काम सवयीच्या हाताचं.

आणि मूळ पाण्याचा टीडीएस 2000 च्या वर असेल तर मेकॅनिकलाही नंतर बोलवा. भारतीय मानकात दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं म्हटलंय, त्याच्या पुढचं पाणी साध्या घरगुती मशीनचं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या. मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू यातलं काहीच त्याला कळत नाही. 400 टीडीएसच्या गोड पाण्यातही ते असू शकतात.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा "पाणी येईना" एवढंच सांगू नका. तासाला शुद्ध किती, वेस्टेज किती, आणि मीटर असेल तर दोन्ही टीडीएस, एवढं सांगा. मला निम्मं निदान फोनवरच होतं आणि योग्य पार्ट सोबत घेऊन येता येतो. आणि मी येणार त्या दिवशी वरच्या टाकीत पाणी ठेवा. पाण्याशिवाय मशीन तपासता येत नाही. मागच्या मे महिन्यात तीन घरी मी नुसता चहा पिऊन परत आलोय.